तीन आणे, पंधरा आणे आणि सामाजिक संशोधनाचे प्रयोजन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळावर पहिला अविश्वासाचा ठराव आला. ठराव फेटाळला जाणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही ती चर्चा भारतीय संसदेच्या इतिहासात अविस्मरणीय ठरली, आणि ती एका आकड्यामुळे. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभागृहात सांगितले की, या देशातील साठ टक्के माणसे, म्हणजे सुमारे सत्तावीस कोटी लोक, दररोज तीन आण्यांवर गुजराण करतात. पंतप्रधानांच्या बाजूने उत्तर आले की दरडोई रोजचे उत्पन्न पंधरा आणे आहे. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी पुढे तळच्या थरांसाठी साडेसात आण्यांचा आकडा दिला. तीन, साडेसात आणि पंधरा. देश एकच, वर्ष एकच, आणि आकडे तीन.

या वादाकडे दोन वक्त्यांमधील चकमक म्हणून पाहणे सोपे आहे. वस्तुतः सामाजिक संशोधनाचे प्रयोजन काय आणि त्याचा पाया कोणता, या प्रश्नाची इतकी स्वच्छ उकल क्वचितच कोठे सापडेल. पंधरा आणे ही सरासरी होती. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले म्हणजे ती निघते. त्या भागाकारात गिरणीमालक आणि त्याच्या गिरणीचा झाडूवाला एकाच पंगतीला बसतात, आणि दोघांच्याही पानात सारखेच वाढले गेल्याचा भास निर्माण होतो. लोहियांचा प्रश्न सरासरीचा नव्हताच, वाटणीचा होता. देशाजवळ किती आहे हे त्यांनी विचारले नव्हते, तळच्या साठ टक्क्यांच्या वाट्याला किती येते हे विचारले होते. पंधरा आणे हे उत्तर खोटे नव्हते. ते वेगळ्याच प्रश्नाचे खरे उत्तर होते. आकडेशास्त्रातील सर्वांत धोकादायक असत्य बहुधा असेच असते.

येथे थोडे गणित करावे लागेल, आणि कार्यकर्त्याने त्याचा कंटाळा करता कामा नये. रुपयाचे सोळा आणे. रोजचे पंधरा आणे म्हणजे महिन्याला सुमारे अठ्ठावीस रुपये. तीन आणे म्हणजे साडेपाच रुपयांच्या आसपास. नंदांचे साडेसात आणे म्हणजे महिन्याला चौदा रुपये. आता याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा. १९६२ मध्ये शासनानेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या एका गटाने, १९६०-६१ च्या किमतींनुसार, माणसाला किमान जगण्यासाठी दरमहा वीस रुपये लागतात असे सुचविले होते. म्हणजे लोहियांना खोडून काढण्यासाठी सरकारने जो आकडा पुढे केला, तोच सरकारी तज्ज्ञांच्या किमान रेषेखाली होता. साठ टक्क्यांसाठी तीन आणे हा हिशेब वादग्रस्त राहिला, आणि तो तसा राहिला हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु प्रश्न अचूक होता. अचूक प्रश्नाला मिळालेले प्रतिकूल उत्तरसुद्धा सत्याच्या अधिक जवळ नेते, हा या वादाचा पहिला धडा आहे.

संशोधन हे विद्यापीठाच्या इमारतीतले काम आणि चळवळ हे रस्त्यावरचे, अशी एक समजूत कार्यकर्त्यांमध्ये खोल रुजलेली आहे. महाराष्ट्राचा इतिहास या समजुतीला पुष्टी देत नाही. मुंबईत घडलेल्या दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या घरात असल्याचे काढून दाखविले. त्यावर न थांबता त्यांनी ते सरकारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. मोकळ्या रयतेच्या वाट्याला कैद्याच्या पोटगीइतकेही येत नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष कोणत्याही जळजळीत भाषणापेक्षा प्रखर होता. आणि त्याची सामग्री सरकारच्याच दप्तरातली असल्याने त्याला खोटे ठरविणे सरकारला अवघड गेले. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा गाभाही हिशेबाचाच होता. सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा लाभ उचलतात वरचे वर्ग, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्या नजरेस आणून दिले.  महसूल आणि शिक्षण ही दोन खाती फुल्यांनी एका पानावर मांडली.

यावरून सामाजिक संशोधनाची तीन प्रयोजने स्पष्ट होतात. पहिले प्रयोजन आहे ते वास्तव जसे आहे तसे नोंदविण्याचे. दुसरे, ते तसे का आहे याचा उलगडा करण्याचे. तिसरे, ते बदलण्याची वाट शोधण्याचे. ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असली तरी एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. नोंदींचे ढीग रचल्याने कारण आपोआप हाती लागत नाही. कारण कळले म्हणून उपाय सापडतोच असे नाही. आणि उपायाची घाई झालेला माणूस पहिल्या दोन पायऱ्या गाळून पुढे जातो, तेव्हा त्याचा उपाय बहुधा जुन्याच रोगाला नवे नाव देतो.

दुसऱ्या प्रयोजनाचे उत्कृष्ट उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिले आहे. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची वर्णने तोवर विपुल झाली होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी जनगणनेच्या निमित्ताने हजारो पाने भरली होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथही १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आंबेडकरांनी त्या सामग्रीत नव्या नोंदींची भर घातली नाही. त्यांनी प्रश्न बदलला. जातीची अनेक लक्षणे सांगितली जातात. त्यांपैकी कोणते एक काढून घेतले असता जात उरणारच नाही? उत्तर आले : जातीबाहेर विवाह करण्याची बंदी. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा सुट्या दुष्ट रूढी राहत नाहीत. विवाहाचे कुंपण शाबूत राखताना जातीच्या आत स्त्री-पुरुषांच्या संख्येचा जो तोल बिघडतो, तो सावरण्याची ती निर्दय साधने ठरतात. स्त्रीचे दास्य आणि जातीची उतरंड यांचे मूळ एकच असल्याचे या मांडणीने दाखविले. आंतरजातीय विवाहाचा पुढचा आग्रह भावनेपोटी आलेला नव्हता. त्याच्या मुळाशी हा उलगडा होता.

आता तात्त्विक पायाकडे वळले पाहिजे. युरोपात ऑगस्त काँत यांनी समाजाचेही निसर्गविज्ञानासारखे शास्त्र उभे राहू शकते असा विश्वास दिला. एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये त्या शास्त्राचे नियम सांगताना, सामाजिक तथ्यांकडे वस्तूंप्रमाणे पाहावे, असा दंडक घातला. आणि दोनच वर्षांनी आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीमागेही समाजाची घडण कशी असते, हे आकडेवारीने दाखवून दिले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची आत्महत्या ही त्याच्या मनाची दुर्बलता नसून कर्ज, बाजारभाव आणि पाणी यांच्या व्यवस्थेशी जोडलेली घटना आहे, असे आज कार्यकर्ता सहज म्हणतो, तेव्हा तो नकळत दुर्खीम यांचेच बोट धरून चालत असतो.

परंतु माणूस म्हणजे दगड नव्हे. तो आपल्या कृतीला अर्थ देतो. तो अर्थ समजून घेतल्याशिवाय समाजशास्त्र पुरे होत नाही, हे माक्स वेबर यांनी आग्रहाने मांडले. त्यांनी आणखी एक भेद केला, आणि तो चळवळीतील माणसाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. कोणता प्रश्न अभ्यासास योग्य, हे संशोधकाची मूल्ये ठरवितात. त्यात गैर काही नाही. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर काय यावे, हे त्या मूल्यांनी ठरविता कामा नये. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी याच विचाराला पुढे नेले. सामाजिक संशोधन मूल्यनिरपेक्ष असूच शकत नाही; म्हणून संशोधकाने आपली मूल्ये लपवू नयेत, ती आरंभीच उघड करावीत, म्हणजे वाचकाला त्यांचा प्रभाव जोखता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. तटस्थतेचा मुखवटा घालून येणाऱ्या पक्षपातापेक्षा उघड बांधिलकी ही अधिक शास्त्रीय आहे, ती या अर्थाने.

हा पाया केवळ ग्रंथांत राहिलेला नाही. पुण्यातील एका वादाने तो मराठी माणसाच्या दाराशी आणला. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळावेत, हे गृहीत धरून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा ग्रामीण भागात पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. तिच्याखाली ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक सापडले. यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सुखात्मे हे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम दीर्घकाळ सांभाळून पुण्यास परतलेले ख्यातनाम शास्त्रज्ञ. माणसामाणसाची आणि एकाच माणसाची दिवसागणिक उष्मांकांची गरज बदलते. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित समजणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांचा रोख निराळा होता. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन गोष्टी एक नव्हेत. शरीर कमी अन्नावर तग धरते, यावरून ते अन्न पुरेसे आहे, असे समाजाने म्हणावे काय?

हा वाद केवळ गणिताचा नव्हता. दोघेही प्रामाणिक, दोघेही आपापल्या शास्त्रात निष्णात. त्यांच्यातील अंतर असे होते की, एकाच्या दृष्टीने दारिद्र्य शरीरात मोजायचे होते, दुसऱ्याच्या दृष्टीने समाजाने आपल्या सभासदाला काय देणे लागते यात. दारिद्र्यरेषा ही निसर्गात आखलेली नसते. ती माणसे आखतात, आणि आखताना आपल्या न्यायबुद्धीचे माप वापरतात. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दररोज बत्तीस आणि खेड्यासाठी सव्वीस रुपयांची रेषा सादर केली, तेव्हा देशभर जो संताप उसळला, तो भागाकार चुकल्याबद्दल नव्हता. ते माप कोणाच्या जगण्याचे, हा तो संताप होता.

मापाचे राजकारण स्त्रियांच्या बाबतीत अधिकच उघडे पडते. शतकानुशतके चूल, पाणी, सरपण, मुले आणि आजारी माणसे यांत बुडालेली बाई सरकारी नोंदीत काम न करणारी ठरत आली. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के सहभागी होत्या, पुरुषांपैकी २६ टक्के. या कामाला हात लावणाऱ्यांतही स्त्री दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होती आणि पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे रोज पाच तास. हे पाच तास त्यापूर्वीही होतेच. ते मोजण्याची इच्छा नव्हती. जे मोजले जात नाही ते धोरणात येत नाही, आणि जे धोरणात येत नाही ते अंदाजपत्रकात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून मोजणी थांबविणे हीसुद्धा राजकीय कृती असते. २०१७-१८ मधील ग्राहक खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सामग्रीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचे ठरविले. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोहोचविण्याची हमी दिली; परंतु लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बांधली गेली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांची, वेगळ्या झालेल्या चुलींची, शहरात आलेल्या मजुरांची वाढ त्या हिशेबात नाही. शिधापत्रिकेसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या बाईला कोटा संपल्याचे उत्तर मिळते, तेव्हा तिच्या आणि धान्याच्या मध्ये एक न झालेली मोजणी उभी असते. जातींच्या बाबतीतही हेच घडले. सर्व जातींची मोजणी १९३१ नंतर प्रसिद्धच झाली नाही; मंडल आयोगाला १९८० मध्ये अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर विसंबावे लागले. बिहारने २०२३ मध्ये स्वतःची पाहणी करून अतिमागास ३६ टक्के आणि इतर मागास २७ टक्के असल्याचे जाहीर केले, तेव्हा देशाच्या राजकारणाला त्या आकड्यांची दखल घेणे भाग पडले.

येथवर शासनाकडे बोट दाखविणे झाले. परंतु कार्यकर्त्याने स्वतःच्या वहीकडेही तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे. चळवळीत पाहण्या होत नाहीत असे नाही. पुष्कळ होतात. मात्र त्यांतील बऱ्याच पाहण्यांचा निष्कर्ष प्रश्नावली छापण्यापूर्वीच ठरलेला असतो. मोर्च्यासाठी आकडा हवा असतो, आणि वस्तीत जाऊन तो आणला जातो. धरणग्रस्तांच्या गावात ज्यांना भरपाई मिळाली त्यांच्या घरी कोणी जात नाही. संपातून बाहेर पडलेल्या कामगाराला तो का बाहेर पडला हे कोणी विचारीत नाही. असा आकडा सभेत टाळ्या घेतो आणि पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो. त्याबरोबर खऱ्या तक्रारीचीही विश्वासार्हता जाते. लोहियांच्या आकड्याचे सामर्थ्य यात होते की तो खोडून काढता येण्याजोगा होता. त्यात संख्या होती, लोकसमूह होता, रोजचा हिशेब होता. म्हणूनच सरकारला प्रत्युत्तर द्यावे लागले आणि प्रत्युत्तरातून सत्य बाहेर पडले. जे विधान कोणत्याही पुराव्याने चूक ठरू शकत नाही, त्याला उत्तर देण्याची गरजही कोणाला भासत नाही.

अभ्यासाने काय साधते याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या मजुरांना ठाऊक असले पाहिजे. रोजगार हमीच्या कामांवर एके काळी दिवसाला चार रुपये किमान वेतन होते, आणि त्यामागे शासकीय समितीचा रीतसर हिशेब होता. डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब मुळापासून तपासला. अंगमेहनत करणाऱ्या मजुराची उष्मांकांची गरजच त्यात कमी धरलेली आढळली. दुरुस्त हिशेबाने वेतन बारा रुपये येत होते. संघटनांनी ही मागणी हाती घेतली आणि शासनाला वेतन वाढवावे लागले. घोषणा पूर्वीही होत्या. अभ्यासाने घोषणेला पाया दिला, आणि संघटनेने अभ्यासाला बळ दिले. या दोहोंपैकी एक नसते तर दुसरे व्यर्थ गेले असते.

अखेरचा मुद्दा संशोधन कोणाचे, हा आहे. १८८० मध्ये कार्ल मार्क्स यांनी फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती एका समाजवादी नियतकालिकाने प्रसिद्ध केली. कामाचे तास, यंत्रांपासूनचा धोका, मुलांची मजुरी, घरभाडे, संप अशा बाबींवर कामगाराने स्वतः लिहावे, अशी अपेक्षा होती. कारण आपल्या दुःखाचे संपूर्ण ज्ञान त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला असणे शक्य नाही. उत्तरे फारच थोडी आली. हे अपयश झाकण्याचे कारण नाही. प्रश्नावली उत्तम असून भागत नाही; ती विचारणाऱ्यावर विश्वास लागतो, उत्तर देण्यास सवड लागते, आणि दिलेल्या उत्तराचे पुढे काय होणार याची खात्री लागते.

ही खात्री देणे हे कार्यकर्त्याला सहज शक्य आहे आणि तीच त्याची पहिली जबाबदारी. वस्तीतून गोळा केलेली माहिती वस्तीतच परत वाचून दाखवावी. तिच्यातील चूक वस्तीने दुरुस्त करावी. गैरसोयीची नोंद गाळू नये. ज्याची माहिती घेतली त्याचे नाव त्याच्या संमतीवाचून उघड करू नये. सरासरी सांगताना तळच्या माणसाचा आकडा शेजारी ठेवावा. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. त्यांत पंचायतीच्या हजेरीपटावरील नावे गावापुढे मोठ्याने वाचली जात, आणि कधी मेलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघडकीस येई. तेथे संशोधक वेगळा नव्हता. अख्खे गाव संशोधन करीत होते. त्याच मागणीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा घडला.

ज्याचे आयुष्य मोजले जाते त्याला मापाबद्दल बोलण्याचा अधिकार असणे, हाच सामाजिक संशोधनाचा लोकशाही पाया आहे. तीन आण्यांचा वाद झाला तेव्हा ते सत्तावीस कोटी लोक सभागृहात नव्हते. त्यांच्या वतीने एकाला बोलावे लागले. पुढच्या वेळी हिशेब मांडताना त्यांच्यातलाच कोणी उभा राहील, त्याच्या हातात त्याची स्वतःची वही असेल आणि तिच्यातील प्रत्येक ओळ तपासून घेण्याची त्याची तयारी असेल, इतपत काम अभ्यासवर्गातून उठून वस्तीत जाणाऱ्या प्रत्येकाला करता येईल.